रोटरी इंजिनासाठी मिनरल ऑइल: निवड, तपासणी आणि बदली

पिस्टनच्या गाडीत ऑइल कमी व्हायला लागलं की मेकॅनिककडे जायची वेळ आली असं समजतात. रोटरीत, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या इंजिनात, उलट आहे. दोन हजार किलोमीटर चालवूनही डिपस्टिकवरची पातळी जागची हलली नसेल, तर तेव्हा काळजी करायची. माझ्दा आरएक्स-७ आणि आरएक्स-८ या गाड्या ऑइल खर्च करतात, आणि त्यांनी ते करावं अशीच त्यांची रचना आहे. हे लक्षात ठेवलं तर ऑइल कोणतं घ्यायचं आणि ते कसं तपासायचं, हे दोन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

ऑइल नेमकं कुठे जातं

रोटर तिकोनी असतो आणि त्याच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील बसतात. हे सील रोटर हाऊसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, क्रोमच्या पृष्ठभागावर सतत घासत फिरतात. तिथे ऑइल पोचवायला इंजिनावर ऑइल मीटरिंग पंप असतो. तो सम्पमधलंच, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातलंच, ऑइल उचलतो आणि अगदी बारीक मापानं चेंबरकडे पाठवतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या आरएक्स-७ मध्ये ते कार्ब्युरेटरवाटे जातं, इंजेक्शनच्या गाड्यांत नोझलमधून. तिथे ते सीलला ओलावा देतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं.

उरलेलं ऑइल आणखी दोन कामं करतं. एक्सेंट्रिक शाफ्टची (रोटर ज्यावर बसतो त्या मुख्य दांड्याची) मेन बेअरिंग आणि रोटर बेअरिंग त्याच्यावर तरंगतात. आणि शाफ्टमधल्या जेटमधून ते रोटरच्या पोटात फवारलं जातं, कारण रोटरपर्यंत कूलंट पोचत नाही. रोटर थंड ठेवायला ऑइलशिवाय दुसरं काहीच नाही. म्हणूनच या गाड्यांना एवढे मोठे ऑइल कूलर दिलेले असतात आणि म्हणूनच पातळी खाली गेलेली रोटरी पिस्टन इंजिनापेक्षा लवकर तापते.

म्हणजे एकाच डब्यातल्या ऑइलनं बेअरिंगवर जाड थर धरायचा, उष्णता वाहून न्यायची आणि शेवटी मागे राख न ठेवता जळायचं. तिसरी अट पिस्टनच्या गाडीच्या ऑइलवर जवळपास नसतेच. रोटरीसाठी निवड करताना खरा फरक तिथे पडतो.

मिनरल का, आणि केव्हा नाही

माझ्दाने उत्तर अमेरिकेतल्या आरएक्स-८ मालकांना सिंथेटिक ऑइल सुचवलं नव्हतं. तेव्हापासून रोटरीवाल्यांमध्ये हा वाद चालू आहे. यात अर्ध सत्य दोन्हीकडे आहे. मिनरल ऑइल, म्हणजे कच्च्या खनिज तेलापासून काढलेलं साधं ऑइल, जळताना तुलनेनं सहज वाफ होऊन जातं, हे खरं. पण चेंबरमध्ये जी कडक राख साचते ती मुख्यतः ऑइलमधल्या धातुयुक्त ॲडिटिव्हची असते, आणि ती मिनरलमध्येही असतात, सिंथेटिकमध्येही. खराब ॲडिटिव्हचं मिनरल ऑइल हे चांगल्या सिंथेटिकपेक्षा जास्त घाण करू शकतं.

मिनरलच्या बाजूनं आमच्या मते सगळ्यात वजनदार कारण वेगळंच आहे. सिंथेटिकचा मोठा फायदा म्हणजे ते दीर्घकाळ टिकतं. रोटरीत ऑइलला टिकायची संधीच मिळत नाही. एक भाग जळून जातो, आणि उरलेल्यात रोटरच्या बाजूंवरच्या साइड सीलच्या फटींमधून पेट्रोल झिरपत राहतं. पेट्रोलनं पातळ झालेलं ऑइल कितीही महाग असलं तरी काढूनच टाकावं लागतं. दर पाच हजार किलोमीटरला जे ओतून द्यायचं आहे, ते साधं, ताजं आणि योग्य ग्रेडचं असलेलं बरं.

ट्रॅकवर सलग वेळ पळणारी गाडी, मोठा टर्बो, किंवा ऑइलचं तापमान वारंवार १२० अंश सेल्सियसच्या वर जाणं, अशा ठिकाणी मिनरल ऑइलचा थर लवकर तुटतो. तिथे रोटरीसाठीच बनवलेलं सिंथेटिक वापरणं योग्य. रेसमधली रोटरी इंजिनं सिंथेटिकवर चाललेली आहेत. रस्त्यावरच्या, बदल न केलेल्या स्टॉक गाडीला त्याची गरज पडत नाही.

डब्यावर ‘सेमी-सिंथेटिक’ लिहिलेलं असेल तर त्यात सिंथेटिक किती, याचं ठरलेलं प्रमाण नसतं. अनेक बाजारांत ‘फुल सिंथेटिक’ म्हणून विकलं जाणारं ऑइलही प्रत्यक्षात कच्च्या खनिज तेलावरच जास्त प्रक्रिया करून काढलेलं, म्हणजे ग्रुप ३ चं असतं. त्यामुळे समोरच्या ठळक अक्षरांपेक्षा मागचा बारीक मजकूर वाचा.

ग्रेड ठरवताना

सुरुवात गाडीच्या मॅन्युअलपासून करा. ग्रेडमधला ‘डब्ल्यू’ आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा गरम इंजिनातला. आरएक्स-८ ला अमेरिकेत ५डब्ल्यू-२० सांगितलं होतं, इतर अनेक देशांत ५डब्ल्यू-३०. एकाच इंजिनाला दोन ग्रेड सांगितले गेले, यावरूनच कळतं की ५डब्ल्यू-२० हा इंजिनाचा जीव की प्राण नव्हे. इंजिन उघडून पुन्हा बांधणाऱ्या अनेक कारागिरांचं म्हणणं आहे की ५डब्ल्यू-२० वर चाललेल्या इंजिनांची बेअरिंग लवकर झिजलेली दिसतात. आकड्यांकडे पाहिलं की कारण समजतं. १०० अंशांवर २० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्स असतो, ३० चा ९.३ ते १२.५, ४० चा १२.५ ते १६.३ आणि ५० चा १६.३ ते २१.९. आता २० ग्रेडच्या ऑइलमध्ये थोडं पेट्रोल मिसळलं की ते आणखी खाली घसरतं. बेअरिंगला उरतं ते फारच पातळ.

सर्वसाधारण वापरासाठी आमची निवड अशी: रस्त्यावरची आरएक्स-८ किंवा इंजेक्शनची आरएक्स-७, हवामान मध्यम, तर १०डब्ल्यू-३०. उष्ण हवा, जास्त आरपीएम, किंवा बरंच चाललेलं इंजिन असेल तर १०डब्ल्यू-४०. कार्ब्युरेटरचं १२ए इंजिन असलेली जुनी आरएक्स-७ उन्हाळ्यात २०डब्ल्यू-५० वर चांगली चालते. मात्र कडाक्याच्या थंडीत २०डब्ल्यू वापरू नका. प्रमाणानुसार २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे १५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर. थंडीत घट्ट झालेलं ऑइल मीटरिंग पंपाच्या बारीक नळ्यांतून वेळेवर पुढे सरकत नाही, आणि सुरुवातीचे काही क्षण सील कोरडे घासतात. गाडीला वॉरंटी असेल तर ग्रेड बदलण्याआधी ती तपासा.

दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकं मिनरल ऑइलमध्ये पॉलिमर जास्त घालावं लागतं. दाटपणा सांभाळणारं हे पॉलिमर गिअर आणि बेअरिंगमध्ये तुटतं, आणि जळताना चिकट थर सोडतं. म्हणून ५डब्ल्यू-४० सारखा लांब पल्ल्याचा ग्रेड मिनरलमध्ये घेऊ नका. १०डब्ल्यू-३० मध्ये पॉलिमर कमी लागतं, रोटरीला ते मानवतं.

डब्यामागचा मजकूर

एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचं गोल चिन्ह शोधा. आत एसएम, एसएन किंवा एसपी लिहिलेलं असावं. एसएम २००४ चं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं. नवं प्रमाण जुन्या गाडीला चालतं, जुनं प्रमाण नव्या गाडीला नाही.

जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मालक झिंक जास्त असलेलं ऑइल शोधतात. पिस्टनच्या जुन्या इंजिनात कॅमशाफ्टचे उंचवटे आणि टॅपेट वाचवायला ते लागतं. रोटरीत कॅमशाफ्टही नाही, टॅपेटही नाही, व्हॉल्व्हही नाही. जास्तीचं झिंक इथे फक्त राख होऊन सीलच्या खाचेत बसतं. त्यासाठी जादा पैसे देऊ नका.

हेच डिझेलच्या ऑइलचं. त्यात काजळी धरून ठेवणारे क्षारयुक्त डिटर्जंट भरपूर असतात, आणि त्यांचीच राख होते. कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात ‘सल्फेटेड ॲश’ असा आकडा दिलेला असतो. तो १ टक्का किंवा त्याहून कमी असलेलं ऑइल घ्या. दोन डब्यांमध्ये अडलात, ग्रेड आणि प्रमाण सारखंच आहे, तर राखेचा कमी आकडा ज्याचा, ते उचला. हा आकडा देतच नाही अशा कंपनीचं ऑइल रोटरीत टाकू नका.

वेगळ्या बाटलीतली ‘इंजिन ट्रीटमेंट’ तर अजिबात नको. टेफ्लॉन किंवा ऑइल घट्ट करणारी रसायनं चेंबरमध्ये जळण्यासाठी बनवलेली नसतात.

खरेदीच्या वेळी झाकणाची कडी शाबूत आहे का, बॅच क्रमांक आणि तारीख नीट छापलेली आहे का, हे पाहा. वरच्या भरणीसाठी त्याच ऑइलचा एक लिटर जास्तीचा घ्या आणि डिकीत ठेवा. तो लागणारच आहे.

पातळी तपासण्याची पद्धत

दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना तपासणी झालीच पाहिजे. लांबच्या प्रवासात दर टाकीला.

१. गाडी सपाट जागेवर उभी करा. आरएक्स-८ चा सम्प पसरट आहे, थोड्या उतारानंही माप चुकतं.

२. इंजिन पूर्ण गरम झालेलं असावं. बंद करून पाच मिनिटं थांबा. कूलर आणि नळ्यांमधलं ऑइल स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

३. डिपस्टिक काढा, धागे न सोडणाऱ्या कापडानं पुसा, पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. पहिल्या वेळचं माप धरू नका, कारण नळीच्या भिंतींवरचं ऑइल पट्टीला फासलेलं असतं.

४. दोन्ही बाजू बघा. जी बाजू कमी दाखवते ती खरी.

५. पातळी दोन खुणांच्या मध्याखाली असेल तर भरा. एका वेळी पाव लिटर, मग पुन्हा माप. वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा.

रात्रभर उभ्या गाडीचं माप आणि गरम गाडीचं माप जुळत नाही. कोणतीही एक पद्धत धरा आणि तीच पाळा, नाहीतर खर्चाचा हिशेब लागणार नाही.

वरच्या खुणेच्या वर भरणं हेही नुकसानच. जास्तीचं ऑइल वाफांबरोबर व्हेंटिलेशनच्या नळीतून इनटेकमध्ये जातं, एअर फिल्टरचा डबा आणि थ्रॉटल बॉडी तेलकट होते. आणि पातळी खालच्या खुणेशी असताना वेगात वळण घेतलं, तर ऑइल एका बाजूला सरकतं, ऑइल शोषणाऱ्या नळीत, म्हणजे पिकअपमध्ये, हवा शिरते आणि बेअरिंगचं प्रेशर क्षणभर पडतं. तेवढा क्षण बेअरिंगला पुरतो.

खर्चाची वही

प्रत्येक भरणीला किलोमीटर आणि मिलिलिटर लिहा. दोन हजार चारशे किलोमीटरमध्ये १.२ लिटर भरलं, तर दोन हजार किलोमीटरला एक लिटर. रस्त्यावरच्या आरएक्स-८ ला साधारण दीड ते अडीच हजार किलोमीटरला एक लिटर लागणं स्वाभाविक आहे. वरच्या आरपीएमवर चालवली तर त्याहून लवकर लागतं, कारण मीटरिंग पंप आरपीएम आणि थ्रॉटलप्रमाणे ऑइल वाढवतो.

स्वतःच्या गाडीचा आकडा तीन-चार भरण्यांत कळतो. त्यानंतर बघायचं ते बदलाकडे.

खर्च अचानक थांबला, तर मीटरिंग पंप किंवा त्याच्या नळ्या संशयात येतात. नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, उष्णतेनं वर्षानुवर्षं कडक होतात आणि दुसऱ्याच कामासाठी हात घातला तरी तुटतात. टोकांशी ओलसर डाग, भेगा, निसटलेली जोडणी पाहा. नोझलमध्ये एकेरी झडप असते. नोझल काढून फुंकलं तर हवा एकाच दिशेनं गेली पाहिजे. दोन्हीकडून जात असेल किंवा कुठूनच जात नसेल तर नोझल बदला. नोझलकडे जाणारी हवेची बारीक नळी निघालेली असली तरी मापात गडबड होते. १९८९ च्या आरएक्स-७ पासून पंप इलेक्ट्रॉनिक आहे, तिथे कॉम्प्युटरमधले कोडही वाचा. हे सगळं होईपर्यंत गाडी चालवायचीच असेल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळूनच चालवा, त्याचं प्रमाण पुढे दिलं आहे.

खर्च वाढला आणि सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो, तर रोटरच्या बाजूच्या ऑइल रिंगमधल्या रबरी ओ-रिंग कडक झाल्याची शक्यता मोठी. दाट ऑइल टाकून थोडा काळ ढकलता येईल, पण उपाय इंजिन उघडण्याचाच.

पातळी वाढली, तर ते सगळ्यात वाईट. ऑइल स्वतः वाढत नाही, त्यात पेट्रोल उतरलं आहे. डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा स्पष्ट वास आला की ऑइल लगेच बदला, पाच हजारांची वाट बघू नका, आणि फसलेली स्टार्ट, गळका इंजेक्टर किंवा सततच्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या यांपैकी कारण कोणतं ते शोधा.

रंग, फेस आणि कागद

रोटरीतलं ऑइल लवकर काळं होतं. नुसता काळा रंग काहीच सांगत नाही.

आरएक्स-८ च्या भरणीच्या झाकणाखाली फिकट पिवळा, दुधाळ फेस दिसला की अनेकजण घाबरतात. त्या गाडीची भरणीची नळी लांब आणि थंड असते, इंजिनातली वाफ तिथे पाणी होऊन ऑइलमध्ये घोटली जाते. थंड हवेत आणि छोट्या फेऱ्यांनी हे होतंच. नळी पुसून काढा, गाडी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल, तर विषय संपला. शिवाय रोटरीत कूलंटचं आतलं सील गेलं तर पाणी बहुधा ऑइलमध्ये न येता चेंबरमध्ये जातं. त्याची खूण म्हणजे सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर, अडखळणारी स्टार्ट आणि कमी होत जाणारं कूलंट.

गरम ऑइलचा एक थेंब साध्या गाळणकागदावर टाका आणि तासभर ठेवा. मधला काळा भाग बाहेर मऊ विरत गेला तर ऑइल अजून काम करतं आहे. मध्यभागी गच्च, कडक कडेचा डाग म्हणजे ते थकलं. बाहेर फिकट, रुंद कडं उमटलं तर पेट्रोलचा संशय घ्या. ही ढोबळ चाचणी आहे. प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली तर पेट्रोलचं प्रमाण, १०० अंशांवरचा दाटपणा, आणि बेअरिंगमधून येणारे शिसं व तांबं, हे आकडे पाहा. एपेक्स सीलची झीज मात्र त्या अहवालात पुरती दिसत नाही, कारण तिथलं ऑइल सायलेन्सरवाटे बाहेर गेलेलं असतं. सीलची अवस्था कळायची तर रोटरीच्या खास मीटरनं कॉम्प्रेशन मोजावं लागतं. आरएक्स-८ साठी २५० आरपीएमला किमान ६८० किलोपास्कल ही माझ्दाची मर्यादा आहे.

बदलताना

दर पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यापैकी जे आधी. फक्त छोट्या फेऱ्या असतील तर तीन ते चार हजार. वरून ताजं ऑइल भरत राहिलं म्हणजे बदली झाली असं होत नाही. सम्पमधलं पेट्रोल आणि आम्ल तिथेच राहतं.

इंजिन गरम करा. गाडी जॅक स्टँडवर घ्या. जॅक सम्पला कधीही लावू नका. रोटरीचा सम्प पातळ पत्र्याचा आणि सिलिकॉननं चिकटवलेला असतो, एकदा सरकला की गळती जन्मभराची. ड्रेन प्लग काढून ऑइल निथळू द्या, वीस मिनिटं तरी. नवा वॉशर घालून प्लग ३० ते ४० न्यूटन-मीटरला आवळा.

फिल्टर सोडवताना जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. दोन रिंग एकावर एक आल्या तर ऑइल मिनिटभरात बाहेर पडतं. ज्या आरएक्स-७ मध्ये फिल्टर इंजिनाच्या वरच्या बाजूला बसतो तिथे खाली जाड कापड दाबून ठेवा, नाहीतर सांडलेलं ऑइल गरम भागांवर जळत राहील. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइल लावा, टेकेपर्यंत हातानं फिरवा, मग आणखी पाऊण फेरी.

भरताना मोठी गल्लत होते. मॅन्युअलमध्ये कोरड्या इंजिनाची एकूण क्षमताही दिलेली असते, पण बरंचसं ऑइल कूलर आणि नळ्यांमध्येच राहतं, प्लगमधून बाहेर येत नाही. एकूण क्षमतेइतकं ओतलं तर पातळी खूपच वर जाते. आधी ३ लिटर भरा, मग डिपस्टिक बघत पुढे जा. आरएक्स-८ साधारण साडेतीन लिटरला थांबते.

सुरू करण्याआधी आरएक्स-८ मध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून काही सेकंद स्टार्टर फिरवा. त्या अवस्थेत इंजेक्टर बंद राहतात आणि ऑइलचं प्रेशर तयार होतं. मग पाय काढून सुरू करा. आता सवयीनं मिनिटभरात बंद करून पातळी बघायचा मोह होतो, तो टाळा. थंड रोटरी लगेच बंद केली की चेंबरमध्ये पेट्रोल साचतं, सील धुतले जातात आणि पुढची स्टार्ट फसते. तापमानाचा काटा जागेवर येईपर्यंत चालू ठेवा, तोवर खाली वाकून प्लग आणि फिल्टरची गळती पाहा. नंतर बंद, पाच मिनिटं, माप. काढलेलं ऑइल बंद डब्यात भरून पुनर्वापर करणाऱ्यांकडेच द्या.

पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल

मीटरिंग पंप ठीक असला तरी थोडं टू-स्ट्रोक ऑइल पेट्रोलमध्ये घालणं फायद्याचं आहे. ते जळण्यासाठीच बनवलेलं असतं आणि राख फार कमी सोडतं. जेएएसओ एफडी या जपानी प्रमाणाचं घ्या. पंप चालू असेल तर लिटरला ४ मिलिलिटर, म्हणजे ५० लिटरच्या टाकीला २०० मिलिलिटर. पंप काढून टाकलेला किंवा बंद असेल तर किमान ८ मिलिलिटर, टाकीला ४००, आणि तेही न चुकता प्रत्येक वेळी. एक टाकी विसरली तरी सील कोरडे चालतात. आधी ऑइल ओता, वरून पेट्रोल भरा, म्हणजे ते नीट मिसळतं. जास्त घातल्यानं संरक्षण वाढत नाही, प्लग काळे पडतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बोजा येतो. सम्पमध्ये मात्र टू-स्ट्रोक ऑइल कधीही टाकू नका, बेअरिंगला लागणारा दाटपणा त्यात नसतो.